पहिल्या बाळाचा मान

गेल्या वर्षी थंडी सरत असताना आलेल्या पोलिओ रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, घोटावड्याच्या अलीकडच्या एका गावात माझ्या मुलाला पोलिओ लशीचे दोन थेंब पाजण्यात आले. तो साडेतीन वर्षांचा होता. त्याला ही लस द्यायची नव्हती. हे चार जणांना माहीत होते: त्याच्या डॉक्टर, माझा नवरा, मी आणि माझी आई. आई त्या वेळी अंगणवाडीच्या ओट्याखाली, बायकांच्या गर्दीत उभी होती.

गाव माझे माहेर आहे. मी, नवरा आणि मुलगा मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नवरा हिंजवडीत नोकरी करतो, मी पुण्यातल्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर उपसंपादक आहे. त्या शनिवारी नवरा कंपनीच्या कामासाठी बेंगळुरूला होता आणि मला रविवारची ड्युटी होती. म्हणून मुलाला आईकडे सोडले होते.

मला ही घटना दुपारी कळली, आणि फोटोतून कळली. पोलिओ रविवारी तालुक्यांतले वार्ताहर दुपारपासून फोटो पाठवू लागतात. सगळे फोटो सारखे असतात. टेबलावर लशीचा डबा, मागे बॅनर, उपरणी घातलेले दोनचार पाहुणे आणि मधे आ केलेले एक मूल. आमच्या भागात केंद्राचा शुभारंभ पाहुण्यांच्या हस्ते होतो, आणि पहिले थेंब कोणाच्या घरातल्या बाळाला द्यायचे हे आदल्या दिवशी ठरते. त्याला पहिल्या बाळाचा मान म्हणतात. घरातले त्यासाठी बाळाला नवे कपडे घालतात.

त्या दिवशी आलेल्या फोटोंत एक माझ्या मुलाचा होता. वडिलांनी त्याला कडेवर घेतले होते. लशीची कुपी ज्यांच्या हातात होती ते माझ्या धाकट्या बहिणीचे होणारे सासरे. ताम्हिणीच्या रस्त्यावर त्यांचा ढाबा आहे आणि मुळशीत त्यांना ओळखणारे बरेच आहेत. मुलाने डोळे मिटून तोंड पूर्ण उघडले होते.

शेजारच्या खुर्चीवरचे सहकारी माझ्या स्क्रीनकडे वाकले. त्यांनी माझा मुलगा कधी पाहिलेला नव्हता.

"हाच घे," ते म्हणाले. "बाकीची सगळी भोकाड पसरून बसलीत. हा गडी बघ, पेढा मिळणार असल्यासारखा आ करतोय."

"घेते," मी म्हणाले.

"फोटोओळ मी टाकू?"

"नको. मी लिहिते."

मी फोटोओळ लिहिली. पल्स पोलिओ मोहिमेचा शुभारंभ करताना मान्यवर, डावीकडून अमुक, तमुक. मुलाचे नाव अशा फोटोओळीत नसते. फोटो काढून टाकायचा तर कारण सांगावे लागले असते. मी तो पानावर सोडला आणि त्यानंतर जिन्यात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. हे या क्रमाने झाले.

मुलाला जन्मापासून एक आजार आहे. जंतूंना ओळखून त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडे आपल्या रक्तात असतात. ती बनवणाऱ्या पेशी त्याच्या शरीरात तयारच होत नाहीत. पहिले काही महिने बाळ आईकडून पोटात मिळालेल्या प्रतिपिंडांवर निभावते, त्यामुळे तेव्हा काही लक्षात आले नाही. ती संपली आणि त्याचे कान वाहू लागले. नंतर न्यूमोनिया झाला, बरा झाला, पुन्हा झाला. मारुंजीतल्या बालरोगतज्ज्ञांनी आधी पाळणाघर बंद करायला सांगितले, मग दूध, मग फ्लॅटमधले पडदे बदलायला सांगितले. तिसऱ्यांदा रुग्णालयात भरती केल्यावर शहरातल्या एका डॉक्टरांना बोलावले गेले. त्यांनी टॉर्चने त्याचा घसा पाहिला आणि विचारले, "याचे टॉन्सिल कुठायत? काढलेत?"

काढले नव्हते. ते नव्हतेच; टॉन्सिल याच पेशींनी भरतात. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या. प्रतिपिंडे नगण्य, ती बनवणाऱ्या पेशी जवळजवळ शून्य. पुढे जनुकाची तपासणी झाली आणि निदान पक्के झाले. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलींकडे अशी दोन गुणसूत्रे असतात, एकात दोष असला तरी दुसरे सांभाळून घेते. मुलाकडे एकच असते आणि ते आईकडून येते. अहवालात पुढची ओळ माझ्याविषयी होती. आई वाहक.

निदानाच्या आधी डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला होता. माहेरी कोणी मुलगे लहानपणी दगावले आहेत का? मी लगेच नाही म्हणाले. आम्ही दोघी बहिणीच, असेही सांगितले. कुणाला विचारून खात्री केली नव्हती. नवशिक्या वार्ताहराने अशी माहिती दिली असती तर मी त्याला परत पाठवले असते.

निदानानंतरच्या रविवारी आईकडे गेले तेव्हा ती अंगणात पावटे सोलत होती.

"माझ्या आधी तुला मुलगा झाला होता का?"

ती सोलत राहिली. "कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी विचारलंय."

"दोन हुते. तुज्या आदी." थोड्या वेळाने ती म्हणाली, "थोरला छातीनं गेला. धाकट्याला हगवण लागली ती थांबलीच न्हाई."

"मला कधी बोलली नाहीस."

"सांगन्यासारखं काय हाय त्यात?"

बाकीचे तिने तुकड्यातुकड्यांत सांगितले. दुसरा मुलगा गेल्यावर गावात हिच्या पोटी मुलगा टिकत नाही असे बोलले जाऊ लागले. कुणाच्या बारशाला ती गेली तर पाळण्याला हात लावायची वेळ येण्याआधीच कोणीतरी तिला चहाचे बघायला आत पाठवी. मी झाले, सात वर्षांनी बहीण झाली, बोलणे थांबले. बोलणे थांबले तशी तीही त्याविषयी बोलायची थांबली. माझा मुलगा झाला तेव्हा बारशाला पाळण्याची दोरी तिने सोडली नव्हती. हे मला तेव्हा दिसले होते. त्याचा अर्थ आता कळला.

मी तिला आजार समजावून सांगितला. तिला समजला. ती म्हणाली, "म्हंजी माज्याकडनंच आलं की."

"माझ्याकडून आलं."

"आन तुज्याकडं कुठनं आलं?"

त्या वेळी बहिणीचे जमत आले होते. मुलगा अभियंता, पिरंगुटच्या कारखान्यात नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केले होते, मोठ्यांची बोलणी चालू होती. आईने पावट्याची पाटी बाजूला सारली.

"धाकटीचं उरकू दे. मग सांग गावाला, तालुक्याला, छाप तुज्या पेपरात. आता न्हाई."

"तिला तरी सांगायला पाहिजे. तिच्यातही असू शकतं."

"तिला सांगितलं की ती त्या पोराला सांगनार. तिच्या पोटात काय ऱ्हातंय?"

"आणि बाबांना?"

"तुज्या बापाला सांगितलं म्हंजी सांच्यापातूर पिरंगुटाला कळलं."

मी हो म्हणाले. बहिणीसाठी म्हणाले असे मी नवऱ्याला सांगितले. त्याच्या घरी आम्ही ऍलर्जी असल्याचे सांगितले होते, आणि आई वाहक ही ओळ असलेला अहवाल मी त्याच्या आईवडिलांना दाखवलेला नव्हता. माझ्याही दृष्टीने ते सोयीचे होते.

उपचार सोपे आहेत, फक्त ते संपत नाहीत. हजारो निरोगी दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली प्रतिपिंडे दर चार आठवड्यांनी शिरेतून द्यायची. आम्ही शनिवारी सकाळी जातो. सलाईनसारखी बाटली लावतात, सुरुवात अगदी संथ ठेवतात, परिचारिका थोड्या थोड्या वेळाने ताप आणि रक्तदाब बघते, काही त्रास नसला की वेग वाढवते. दुपार होते. मुलगा तोवर मोबाइलवर जेसीबीचे व्हिडिओ बघतो. परिचारिका त्याला साहेब म्हणते.

"साहेब, आज उजवा हात का डावा?"

"पाय," तो म्हणतो. दरवेळी.

बाटली लावण्याआधी रक्त घेऊन मागच्या वेळची प्रतिपिंडे किती उरली ते बघतात आणि त्यावरून मात्रा ठरते. ताप आला तर वाट न बघता डॉक्टरांना कळवायचे, प्रतिजैविक लगेच सुरू करायचे. पाणी उकळलेलेच. आणि जिवंत जंतूंपासून बनवलेली कोणतीही लस द्यायची नाही. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस जिवंत विषाणूंची असते. ते विषाणू दुबळे केलेले असतात आणि निरोगी मुलाच्या आतड्यातून काही आठवड्यांत निघून जातात. ज्या मुलाकडे प्रतिपिंडे नाहीत त्याच्या आतड्यात ते महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे राहू शकतात, तिथे बदलत जाऊ शकतात आणि पुन्हा लकवा आणण्याइतके बळकट होऊ शकतात. असे फार थोड्यांच्या बाबतीत होते. कोणाच्या बाबतीत होईल हे आधी सांगता येत नाही. निदानाआधी त्याला इतर मुलांसारखेच डोस दिले गेले होते. निदान झाल्यावर शौचाचा नमुना तपासला तेव्हा विषाणू नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, "एकदा सुटलो. पुन्हा नको."

हातावरची पट्टी दिसली की मी लोकांना ऍलर्जीचे इंजेक्शन म्हणत असे. बहिणीलाही तेच सांगितले होते. ऍलर्जी असलेल्या मुलाला पोलिओचे थेंब चालतात.

मोहिमेची बातमी शुक्रवारी मीच पानावर लावली होती. शून्य ते पाच वर्षे वयोगटातील एकही बालक वंचित राहू नये, असे आवाहन. शनिवारी संध्याकाळी मुलाला आईकडे सोडताना मी त्याच्या डाव्या करंगळीच्या नखावर काळ्या मार्करने खूण केली. थेंब घेतलेल्या मुलाला कार्यकर्त्या अशीच खूण करतात. ती दिसली की कोणी काही विचारत नाही.

"घरी आले तर बोट दाखव," मी आईला म्हणाले. "बाहेर सोडू नकोस त्याला."

"बरं," आई म्हणाली.

पहिल्या बाळाचा मान आमच्या घराला देण्याचे शनिवारीच ठरले होते हे मला माहीत नव्हते. होणारे व्याही शुभारंभाला येणार म्हणून सरपंचबाईंच्या नवऱ्याने ते वडिलांना पारावर सांगितले होते. वडिलांनी घरी सकाळी सांगितले.

मी त्या दिवशी पान सहकाऱ्यावर सोपवले आणि मुलाला बरे नाही असे सांगून निघाले. माहेरी पोहोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. वडील ओट्यावर बसले होते. मुलगा अंगणात भाडेकरूच्या मुलीबरोबर पाण्याच्या पाइपाशी खेळत होता.

"बगितलास का फोटू?" वडील म्हणाले. "तुज्याच पेपरात येनार म्हनाला तो वार्ताहर."

"आलाय."

"कुठल्या पानाव?"

"बाबा, आत या. तिलाही बोलवा."

बहीण हात पुसत आली. आई चुलीपाशीच बसली होती, उठली नाही. मी बातमी सांगतात तसे सांगितले. आधी आजार, मग उपचार, मग लस, मग डॉक्टरांनी फोनवर काय सांगितले ते. वडिलांनी फोन खाली ठेवला. फोटो त्यांनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला होता. मग त्यांनी फोन पुन्हा उचलला आणि ते स्टेटस काढायला लागले. त्यांना ते जमेना. बहिणीने काढून दिले.

"म्या धरला हुता त्याला," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"हिला?"

आई म्हणाली, "व्हय. मला हुतं."

"मग तितं हुबी ऱ्हाऊन काय बघत व्हतीस?"

"काय बोलू?" आई म्हणाली. "तुमी पोराला वर घेतलं, ती मानसं पुढं. व्याही हातात बाटली घेऊन हुबा. बायका माज्याकडं बघत हुत्या. त्याला देऊ नका म्हनले असते तर का म्हनून इचारलं असतं. काय सांगू चारचौघांत? पुन्ना तेच सांगू?"

वडिलांना पुन्हा म्हणजे काय ते कळले.

बहीण माझ्याकडे वळली. "ताई, तू ऍलर्जी म्हणाली होतीस."

"हो."

"सकाळी अंघोळ घालताना मी त्याचं बोट घासून काढलं. तो रडत होता, मम्मीनं काढलंय, मम्मीनं काढलंय. मी म्हटलं, तुझी मम्मी काय पण काढते." ती थांबली. "मी घासलं ते. दगडानं."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं."

"तेच म्हणतेय मी." तिचा आवाज वाढला नाही. "माझ्यात पण असू शकतंय?"

"निम्मी शक्यता आहे."

"आणि मला कधी सांगायचं ठरलं होतं? लग्नात? का डायरेक्ट बारशाला?"

आई उठून मागच्या दाराने बाहेर गेली. भाडेकरूची मुलगी दारात येऊन म्हणाली, "आंटी, बाबू का पैंट गीला हो गया." बहीणच उठली आणि त्याला कपडे बदलायला घेऊन गेली.

डॉक्टरांनी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पुढची बाटली ठरलेल्या शनिवारची वाट न बघता याच आठवड्यात द्यायची. ताप, मान आखडणे, हातापायात कमजोरी यांतले काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात यायचे. आणि आरोग्य खात्याला कळवायचे, कारण शौचाचे नमुने त्यांच्यामार्फतच तपासायला जातात. शेवटी त्या म्हणाल्या, "हे मी तुम्हाला निदानाच्या दिवशीच म्हणाले होते, घरातल्या सगळ्यांना सांगा म्हणून."

"हो. म्हणाला होतात."

सोमवारी मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. वैद्यकीय अधिकारी तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी ऐकून घेतले. टेबलावर त्या दिवशीचा आमचा अंक होता, आरोग्य केंद्राच्या कामाची बातमी म्हणून फोटोभोवती लाल पेनने चौकट केलेली.

"हाच का?" त्यांनी विचारले.

"हो."

"सिस्टरनी यादीत ऍलर्जी लिहिलंय बघा. आधी सांगितलं असतं तर..." त्यांनी वाक्य अर्धे सोडले आणि नमुन्यांसाठी डबे मागवले. त्यांनी पेपर उलटा करून ठेवला. बहुधा माझ्यासाठी.

एक दिवसाच्या अंतराने दोन नमुने द्यायचे होते. ते बर्फाच्या डब्यातून केंद्रात पोहोचवायचे. मारुंजीहून ते नेण्याचे काम बहिणीने घेतले. मी नको म्हणाले तर ती म्हणाली, "तू ड्युटी कर. मला निदान आता काय नेतेय ते माहीत आहे." ती स्कूटीवर पायाशी डबा ठेवून जात असे.

त्याच आठवड्यात तिने होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. भेटायचे त्यांच्याच ढाब्यावर ठरले. तिने मला बरोबर नेले. "आजाराचं तू बोल," ती म्हणाली. "बाकीचं मी बोलते." तो आणि त्याचे वडील समोर बसले. दुपारची गर्दी संपली होती. मी आजाराचे बोलले. त्याच्या वडिलांनी सबंध वेळ हात टेबलाखाली ठेवले होते.

"माज्या हातानं पाजलं की ओ तुमी," ते शेवटी म्हणाले. "एक शब्द बोलायचा."

"चूक आमची आहे," मी म्हणाले.

"तुमच्या आई समोर हुत्या. मी त्यांना नमस्कार केला."

बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याने मला विचारले, "ताई, तुम्ही पेपरात आहात ना? मग आमच्यापर्यंत हे यायला एवढा वेळ का लागला?"

बहीण माझ्याकडे बघत होती. चहा आला होता, तो कोणी घेतला नाही. निघताना त्याच्या वडिलांनी विचारले, पोराला काही झाले तर नाही ना. अजून नाही, असे मी सांगितले. लग्नाविषयी त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. परत येताना बहीण म्हणाली, "मी टेस्ट करणारे. रिपोर्ट जो येईल तो आधी मला दाखवायचा. मग आईला. तुला शेवटी."

पहिल्या दोन्ही नमुन्यांत लशीचा विषाणू सापडला. थेंब नुकतेच दिले होते, त्यामुळे ते अपेक्षित होते. महिन्याने पुन्हा नमुना दिला. त्यातही सापडला. डॉक्टर म्हणाल्या की घाबरण्याची वेळ नाही, पण दुर्लक्ष करण्याचीही नाही. सलग दोन महिने विषाणू दिसला नाही तरच सुटलो म्हणायचे.

मी रोज सकाळी मुलाला गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत असे. मग एका पायावर उभा राहा म्हणायचे, मग दुसऱ्या. मग चेंडूला लाथ मारायला लावायचे. त्याला तो खेळ वाटे. काही दिवसांनी तो कंटाळला. "आज पण लंगडी?" तो विचारायचा. एकदा तो मुद्दाम डावा पाय ओढत आला आणि माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागला. मी त्याला मारले. नवरा आतून आला आणि त्याला उचलून घेऊन गेला. त्या संध्याकाळी नवऱ्याने त्याच्या आईवडिलांना फोन करून सगळे सांगितले. अहवालातली माझ्याविषयीची ओळ त्याने वगळली नाही. मी शेजारी बसून ऐकत होते. सासूबाईंनी मला फोन द्यायला सांगितले. त्या म्हणाल्या, "पोराच्या आजारापायी तू आम्हांला परकं केलंस होय." त्यांनी पुढे विचारले, पाणी किती मिनिटे उकळायचे.

त्यानंतरच्या बाटलीच्या शनिवारी आई आमच्याबरोबर आली. ती याआधी कधी आली नव्हती. तिने ठेवणीतले लुगडे नेसले होते आणि ती पलंगाच्या पायथ्याशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. परिचारिकेने नेहमीचा प्रश्न विचारला, मुलगा पाय म्हणाला. आईला ते आधी कळले नाही, मग तिने तोंडाला पदर लावला.

डॉक्टर फेरीला आल्या. त्यांनी आईजवळ स्टूल ओढले आणि विचारले, "आजी, तुमचे दोन मुलगे गेले म्हणतात. किती मोठे होते?"

आईने दाराकडे बघितले. दार उघडे होते, शेजारच्या पलंगावर दुसऱ्या मुलाची आई बसलेली होती. आईने तरीही सांगितले. थोरला उभा राहायला लागला होता. धाकट्याला दात आले होते. थोरल्याचाही कान वाहायचा. ते तिने मला सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी आमच्या कुटुंबाची आकृती काढलेली होती, बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. त्यांनी आईच्या खाली दोन चौकोन वाढवले, ते काळे केले आणि प्रत्येकावर एक तिरपी रेघ मारली. आई वाकून बघत होती.

"हे दोघं व्हय?"

"हो."

"रेघ कशापायी?"

"गेले म्हणून."

आईने वरच्या गोलावर बोट ठेवले. "आन ही मी?"

"हो. हा गोल तुमचा."

"माज्यात बी काळं केलंया."

"तेवढा ठिपकाच," डॉक्टर म्हणाल्या. "मधे ठिपका दिला की वाहक. तुमचा यात काही दोष नाही, आजी."

शेजारच्या पलंगावरच्या बाईने आईला विचारले, "तुमच्याकडं पण आईकडूनच आलंय का?" आई म्हणाली, "व्हय. माज्याकडनं." त्या दोघी नंतर दुपारपर्यंत बोलत होत्या. मी मुलाजवळ बसले होते. सगळे मला ऐकू आले नाही.

बहिणीचा अहवाल पावसाळ्याच्या तोंडावर आला. तिने ठरल्याप्रमाणे तो आधी स्वतः वाचला, मग आईला वाचून दाखवला. मला शेवटी सांगितले. ती वाहक आहे. अहवाल तिने त्याच दिवशी होणाऱ्या नवऱ्याला पाठवला. त्याने वाचल्याचे फोनवर दिसले. त्यानंतर ते दोघे भेटले आहेत. साखरपुड्याची तारीख ठरलेली नाही, आणि लग्न मोडल्याचेही कोणत्याच घरातून कोणी सांगितलेले नाही.

मधल्या महिन्यांच्या नमुन्यांत विषाणू होताच. पुढचा नमुना बहिणीने नेला त्या दिवशी गावच्या ओढ्याला पाणी होते. ती स्कूटी अलीकडे लावून डबा डोक्यावर घेऊन पलीकडे गेली, असे वडिलांनी सांगितले. तेही तिच्या मागे छत्री घेऊन केंद्रापर्यंत गेले होते. त्या नमुन्यात विषाणू सापडला नाही.

महिन्याने त्यानंतरचा नमुना दिला. त्याचा अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला फोनवर वाचून दाखवला आणि मी त्यांना तो पुन्हा वाचायला लावला. पोलिओचा विषाणू आढळला नाही.

मुलगा चालतो. पुढची बाटली शनिवारी आहे.